हजार विड्यांमागे

सोलापूरची गड्ड्याची यात्रा बघायला भाचा पुण्याहून आला होता. होम मैदानावरून धुळीत माखून रात्री जवळच्या कुंभारीला, आमच्या घरी, पोचला. आईनं कडक भाकरी चुरून त्यावर आमटी ओतली, आणि दोन घास पोटात गेल्यावर त्यानं मान वर न करता विचारलं, "आत्या, कम्युनिझमबद्दल वाचायचं असलं तर कुठनं सुरू करू ओ?"

मी विचार न करता बोलून गेले, "कम्युनिस्ट जाहीरनामा वाच. लहानसा आहे, एका बैठकीत होतो."

त्यानं फोनमध्ये नाव टिपून घेतलं. तो पुण्यात मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. महिन्याभरापूर्वी ऑर्डरीमागचा दर कमी झाला, तेव्हा त्याच्या भागातल्या पोरांनी एका संध्याकाळी ठरवून फोन बंद ठेवले. दोन दिवसांनी त्यातल्या काहींची खातीच बंद झाली. कुणी केली, का केली, विचारायचं कुणाला, काही कळेना. भांडायला समोर माणूसच नव्हता. त्या पोरांपैकी एकजण त्याला म्हणाला होता, मार्क्स वाच.

रात्री अंथरुणावर मला माझं उत्तर टोचायला लागलं. अठराव्या वर्षी मला मिळालेलं उत्तरच मी त्याला दिलं होतं, आणि त्या उत्तरानं माझी अकरा वर्षं घेतली होती.

आमच्या पूर्व भागात कम्युनिझम पुस्तकातून आला नाही. तो लाल बावट्यातून आला. मोर्चा, हजार विड्यांच्या मजुरीची मागणी, रेशनकार्ड, कामगार पुढारी आडम मास्तरांची सभा, घरासाठी भरलेले अर्ज, एवढ्याला मिळून आम्ही कम्युनिस्ट म्हणत होतो. आईनं असंख्य मोर्चे चालले असतील, पण मार्क्स हे नाव तिनं माझ्या तोंडूनच पहिल्यांदा ऐकलं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. माझ्या लहानपणी भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस अजून होते. अशा घरातली मुलगी कॉलेजात गेली, तिथे मोठ्या मुलांचं अभ्यासमंडळ तिला सापडलं, आणि त्यांनी हातात जाहीरनामा ठेवला.

मी तो वाचला, अंगावर काटा आला, आणि कळलं फार थोडं. आता वयाच्या या टप्प्यावर कारण दिसतं. १८४८ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये छापलेलं ते जेमतेम २३ पानांचं जर्मन पत्रक होतं. लिहिणारे दोघे, मार्क्स २९ वर्षांचा, एंगल्स २७ वर्षांचा. वाचणारे कोण, तर आधीच वादात आकंठ बुडालेले, निर्वासित झालेले कारागीर. त्यांना कारागिरांचे संघ, सरंजामी बंधनं, त्या काळातले समाजवादाचे नाना पंथ हे सगळं ठाऊक होतं. तिसरा भाग तर त्या पंथांशी घातलेलं भांडणच आहे, आणि ते पंथ आज कुणाच्या स्मरणातही नाहीत. खुद्द लेखकांनी १८७२ च्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की यातला काही तपशील आता जुना झाला आहे. नवख्या माणसाला जाहीरनाम्याची धग लागते, पण उचलायला मूठ सापडत नाही.

मूठ सापडावी म्हणून मी थेट मार्क्सचं 'भांडवल' उचललं. सोव्हिएत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. जाड पुठ्ठ्याचा, मॉस्कोत छापलेला पहिला खंड, इंग्रजी, किंमत अगदी किरकोळ. घरी आणला. पहिल्या प्रकरणात २० वार लिननचं कापड बरोबर १ कोट, अशी समीकरणं सुरू झाली. तीन रात्री मी त्या कापडाशी झगडले. शेजारी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. चौथ्या रात्री मी पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि मनाशी पक्कं केलं, हे आपल्यासारख्यांसाठी नाही. पुढची अकरा वर्षं मी मार्क्सविषयी बोलले, घोषणा दिल्या, वाचलं मात्र काही नाही.

त्या अकरा वर्षांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी त्याला म्हटलं, "काल सांगितलेलं खोड. पहिल्यांदा आमटीची गोष्ट ऐक."

१८६५ च्या जूनमध्ये लंडनमध्ये कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यकारिणीत एक वाद झाला. जॉन वेस्टन नावाचे एक जुने, प्रामाणिक सभासद म्हणाले, मजुरी वाढवून घेण्यात अर्थ नाही, कारण मजुरी वाढली की वस्तूंचे भाव वाढतात आणि कामगार होता तिथेच राहतो. त्यांनी दाखला दिला तो पातेल्यातल्या सूपचा. पातेल्यात ठरावीक सूप आहे, खाणारे ठरावीक आहेत. चमचे मोठे केले म्हणून सूप वाढत नाही. मार्क्सनं याला दोन बैठकांत, २० आणि २७ जूनला, उत्तर दिलं. तो म्हणाला, पातेल्यात देशभराच्या श्रमाचं सगळं उत्पादन आहे. पातेलं लहान नाही आणि सूपही कमी नाही. कामगारांना जास्त घेता येत नाही, कारण त्यांचे चमचे लहान आहेत.

भाचा हसला नाही. म्हणाला, "आम्हाला पण हेच सांगतात की. दर वाढवला तर गिऱ्हाईक महाग म्हणून मागवणार नाही, मग तुमचंच काम जाईल."

मला हे वाक्य ऐकायची सवय आहे. सोलापुरात टॉवेलाच्या, चादरीच्या मागावर मजुरीवाढीचा विषय निघाला की गेली कित्येक वर्षं हेच कानावर येतं: मजुरी वाढली तर माल महागेल, माल महागला तर ऑर्डर दुसऱ्या गावाला जाईल. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. लहान मागवाल्याचं गणित मी जवळून पाहिलंय, तोही कुणाच्या तरी दरावर जगतो. पण हे वाक्य निसर्गाचा नियम असल्यासारखं सांगितलं जातं. ते दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही तसंच सांगितलं गेलं होतं, आणि एका माणसानं तिथे बसून त्याचा एकेक धागा सुटा केला होता, हे कळल्यावर छातीला जो आधार मिळतो, तो मला जाहीरनाम्यात मिळाला नव्हता.

हे भाषण मार्क्सच्या हयातीत छापलंच गेलं नाही. त्याच्या मुलीनं, एलिनॉरनं, तयार केलेली आवृत्ती १८९८ साली आली. 'मजुरी, किंमत आणि नफा' असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. इंग्रजीत ते इंटरनेटवर फुकट आहे. नवख्यानं इथून सुरुवात करावी, असं माझं आता ठाम मत आहे. कारण ते एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न कुणाही मजुराच्या घरात आधीपासून असतो.

त्याच्या उत्तरार्धात मार्क्स तो कळीचा फरक सांगतो. कामगार श्रम विकत नाही, श्रमशक्ती विकतो. आपल्याकडे बैल भाड्यानं देतात तसं समज, मी भाच्याला म्हटलं. दिवसाचं भाडं ठरलं. त्या दिवसात किती रान नांगरून घ्यायचं ते घेणारा बघतो. मार्क्सचं उदाहरण असं: कामगाराला जगायला रोज लागतं तेवढं सहा तासांत तयार होतं, तीन शिलिंगांचं. मालक त्याला तीन शिलिंग देतो आणि बारा तास राबवतो. उरलेल्या सहा तासांचं जे निघतं ते वरकड. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, बाजारभावानं सौदा झाला आहे, आणि तरीही अर्धा दिवस बिनमजुरीचा गेला आहे. मराठीतल्या जुन्या मार्क्सवादी मंडळींनी 'वरकड मूल्य' हा शब्द घेतला याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. वरकड खर्च, वरकड कमाई हे शब्द घरात असतातच. 'विरोधविकासवाद', म्हणजे जग आतल्या विरोधांतून बदलत जातं हा विचार, हा त्यांचाच दुसरा शब्द. तो मात्र नवख्याला लांब पळवून लावतो, त्याला पहिली दोन वर्षं हात लावू नये.

भाषणाच्या शेवटी मार्क्स आणखी एक गोष्ट बजावतो, ती मोर्चेवाल्यांनी फारशी मनावर घेतली नाही. मजुरीसाठी लढायलाच हवं, पण ही परिणामांशी लढाई आहे, कारणाशी नव्हे. आयुष्यभर दरवाढीच्या मागण्या केलेल्या बाईच्या मुलीला हे वाचताना सोपं गेलं नाही.

मग 'भांडवल'. इथे मला मार्क्सच्याच एका पत्राची मदत झाली. ते आधी कुणी दाखवलं असतं तर! पहिला खंड १८६७ साली निघाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला मार्क्सनं त्याचा मित्र कुगेलमान याला लिहिलं, की तुझ्या पत्नीला सांग, कामाचा दिवस, सहकार्य व श्रमविभागणी व यंत्रं, आणि शेवटी आद्य भांडवलसंचय ही प्रकरणं आधी वाचायला सोपी जातील. म्हणजे पहिलं प्रकरण ओलांडून पुढे जायची परवानगी लेखकानं स्वतः दिली आहे. त्याला पहिल्या प्रकरणाचा जडपणा ठाऊक होता. फ्रेंच आवृत्ती पुरवण्यांच्या रूपात काढायची कल्पना पुढे आली, तेव्हा १८७२ च्या मार्चमध्ये त्यानं तीही उचलून धरली, कारण तशी ती कामगारांच्या हाती पोचेल. फक्त सुरुवातीची चढण दमवणारी आहे, एवढा इशारा त्यानं दिला.

'कामाचा दिवस' हे इंग्रजी आवृत्तीतलं दहावं प्रकरण मी अकरा वर्षांनी उघडलं, आणि सकाळ झाली तरी खाली ठेवलं नाही. त्यात विल्यम वुड नावाचा ९ वर्षांचा पोर आहे. कुंभारकामाच्या कारखान्यात तो ७ वर्षं १० महिन्यांचा असताना लागला. सकाळी सहाला येतो आणि रात्री नऊच्या सुमाराला सुटतो. त्यात मेरी अ‍ॅन वॉकली आहे, २० वर्षांची, लंडनमधल्या उंची कपड्यांच्या दुकानात शिवणकाम करणारी. जून १८६३ मध्ये दरबारच्या नाचासाठी बायकांचे पोशाख तयार व्हायचे होते. ती इतर ६० मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवत बसली, एकेका खोलीत तीस जणी. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी मेली. हाती घेतलेलं काम पुरं न करताच मेली, याचं दुकानाच्या मालकिणीला आश्चर्य वाटलं, असं मार्क्स नोंदवतो.

या कहाण्या त्यानं मनानं रचल्या नाहीत. वर्तमानपत्रं, सरकारी आयोगांचे अहवाल, फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या सहामाही नोंदी यांतून त्यानं त्या गोळा केल्या. लेनर्ड हॉर्नर नावाच्या इन्स्पेक्टरचं त्यानं मनापासून गुणगान केलंय. सरकारी नोकरानं इमानानं लिहिलेला अहवाल क्रांतिकारकाच्या ग्रंथाचा कणा होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या अभ्यासमंडळात सरकारी कागद म्हटला की तो खोटाच, असं धरून चालायचे.

त्याच प्रकरणात दहा तासांच्या कायद्याची हकिगत येते. १८४७ साली तो झाला तो निव्वळ कामगारांच्या बळावर नाही. आदल्या वर्षी गिरणीवाल्यांनी धान्यावरचे कर उठवून जमीनदारांना दुखावलं होतं, आणि जमीनदारांनी दहा तासांच्या बाजूनं मतं देऊन उट्टं काढलं. वरच्यांच्या भांडणात खालच्यांना फट सापडली. हे वाचून मी आपल्याकडचं शोधायला गेले. सोलापुरातली जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे 'भांडवल' छापून झाल्यावर दहा वर्षांनी उभी राहिलेली. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यानं सात वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, सात ते बाराच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, आणि मोठ्यांच्या तासांना हातही लावला नाही. या कायद्यामागे नारायण मेघाजी लोखंड्यांसारख्या मुंबईच्या कामगार पुढाऱ्यांची धडपड सुरू होत होती, आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा जोरही होता, कारण त्यांना इथलं स्वस्त कापड खुपत होतं. म्हणजे तीच फट पुन्हा. मोठ्या पुरुष कामगाराला कापड गिरणीत बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडलं, दहा तासांची मिळायला १९३४.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेता येईल अशा दुरुस्तीला मान्यता दिली. जादा तासांना जादा पैसे आहेत, कामगाराची संमती हवी आहे, हे खरं. पण १९११ सालचा आकडा २०२५ च्या बातमीत वाचताना मला ते दहावं प्रकरण पुन्हा काढावंसं वाटलं.

हातमागाच्या गावातल्या माणसाला या ग्रंथात आणखी एक जागा थांबवते. यंत्र आणि कामगार यांच्या झगड्याविषयी लिहिताना मार्क्स हिंदुस्थानच्या गव्हर्नर-जनरलचं म्हणून एक वाक्य देतो: विणकरांच्या हाडांनी इथली मैदानं पांढरी पडत आहेत. ते वाक्य मुळात कुठल्या कागदात होतं ते इतिहासकारांना सापडलेलं नाही, तेव्हा ते जपून वापरावं. पण तेलंगणातून पायी आलेल्या विणकरांच्या गल्लीत मी वाढले. ती माणसं गाव सोडून का निघाली, हे विचारायचं मला त्या ओळीनंतर सुचलं.

आता मजुरीचं ते प्रकरण. मी भाच्याला म्हटलं, दहाव्यानंतर थेट एकविसावं वाच. नगावर मिळणाऱ्या मजुरीचं. फार तर आठ-दहा पानं.

आईचा दर हजारामागे होता. कारखान्यातून तेंदूची पानं वजनावर मिळत, तंबाखू मिळे, दोरा मिळे. पानं रात्री भिजवून पोत्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कातरायची, मग दिवसभर वळायचं. ज्या पानांत हजार भरले पाहिजेत म्हणत, त्यांत हजार कधी भरत नसत. फाटकी, भोकाची निघत. कमी पडलेली पानं पदरचे पैसे घालून आणायची. संध्याकाळी विड्या घेऊन जायचं. तिथे एकजण मूठ उचलून बघे आणि पटापट बाजूला काढी: ही सैल, ही वाकडी, ही तोंडाला उघडी. बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. कुठल्या कारखान्यात, ते मी लिहीत नाही. त्या काळी आमच्या गल्लीतल्या बायका वेगवेगळ्या ठिकाणी जात आणि एकच गोष्ट घेऊन परत येत.

मार्क्स एकविसाव्या प्रकरणात म्हणतो ते थोडक्यात असं. नगावरची मजुरी म्हणजे वेळेवरच्या मजुरीचंच बदललेलं रूप आहे. इथे मालाचा दर्जा हाच मुकादम होतो, म्हणून वर माणूस ठेवायची गरज राहत नाही, आणि दर्जाच्याच नावानं मजुरी कापायची सोय होते. काम घरी देता येतं, मध्ये अडत्या घुसतो. आणि कामगारालाच वाटायला लागतं की मी जास्त वेळ, जास्त वेगानं करावं, कारण ते माझ्या फायद्याचं आहे. मग सगळ्यांनी वेग वाढवला की दर खाली येतो. भांडवली पद्धतीला सगळ्यात सोयीचा मजुरीचा प्रकार हाच, असं तो म्हणतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आई समोर वळत होती. रात्री अकराला तिला "आता पुरे" म्हटलं की ती म्हणायची, "शंभर राहिलेत गं, करते." तिला कुणी बसवलेलं नसायचं. ती स्वतःच बसलेली असायची. लहानपणापासून मी याला आईचा कष्टाळूपणा समजत आले होते, आणि तो होताच. पण त्या कष्टाळूपणाला कुणीतरी आधीच हिशेबात धरलेलं होतं, हे मला त्या पानांवर समजलं, आणि मी पुस्तक मिटून मोरीत जाऊन रडले.

भाचा गप्प ऐकत होता. मग त्यानं फोन पुढे केला. "हे बघ. मला कोण बघाय नाही. गिऱ्हाईक तारे देतंय. तारे कमी झाले की ऑर्डरी कमी. रात्री अकराला घरी निघालो की फोनवर येतंय, अजून तीन केल्या तर इतके जादा."

आईनं कूस बदलली, काही बोलली नाही.

एवढं वाचलं की जाहीरनामा उघडावा. तेव्हा तो वेगळाच वाचला जातो. त्यातल्या दहा मागण्यांत कारखान्यातल्या बालमजुरीला बंदी आणि सर्व मुलांना फुकट शिक्षण आहे, हे विल्यम वुडला भेटून आल्यावर वाचायची गोष्ट आहे.

पण त्याच्या आधी, निदान बरोबरीनं, बाबासाहेब. इथे मी भाच्याला जरा आग्रहानंच सांगितलं, कारण आमच्या मंडळात हे कधी सांगितलं गेलं नाही आणि त्याची किंमत मोजावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. तुटलेला धागा जोडताना थुंकीनं ओला करावा लागे, आणि विटाळ होतो म्हणून सवर्ण विणकरांची हरकत असे. साचेखात्यात पगार जास्त. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. मालकाशी भांडणारा कामगार शेजारच्या कामगाराला साच्यापाशी येऊ देत नाही, याचं उत्तर वरकड मूल्यात मिळत नाही. ते 'जातिभेद निर्मूलना'त मिळतं, १९३६ सालच्या. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, आणि ती उतरंडीची आहे, हे त्यातलं सूत्र. माझे वडील साच्यावर होते. गिरणीत कोण कुठल्या खात्यात असतो, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि त्याविषयी ते घरात एकदाही बोलले नाहीत. मला हे पुस्तक वाचल्यावर त्यांचं ते न बोलणं ऐकू आलं.

आंबेडकर आणि कम्युनिस्ट सदा पाठ फिरवून होते असंही नाही. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध दोघांनी मिळून संप केला. आणि २० नोव्हेंबर १९५६ ला, जायच्या सोळा दिवस आधी, काठमांडूत आंबेडकरांनी बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर ठेवले: दुःख नाहीसं करायचं हे दोघांना मान्य, मार्ग वेगळे, हिंसा आणि हुकूमशाही आपल्याला मान्य नाही. मार्क्स वाचणाऱ्यानं हे भाषण वाचून त्याला आपलं उत्तर द्यावं. माझं उत्तर अजून पुरं झालेलं नाही.

आणि रशिया. हे मी भाच्यापासून लपवलं असतं तर मला झोप लागली नसती. नवख्यांसाठी म्हणून कम्युनिझमची एक बाराखडी बुखारिन आणि प्रिओब्राझेन्स्की या रशियन पक्षाच्या दोघा पुढाऱ्यांनी १९१९ साली लिहिली. ती जगभर वाचली गेली, अनेक देशांतल्या कामगारांनी कम्युनिझमची सुरुवात तिच्यापासून केली. प्रिओब्राझेन्स्कीला १९३७ मध्ये आणि बुखारिनला मार्च १९३८ मध्ये त्यांच्याच राज्यानं गोळ्या घातल्या. त्या दोन वर्षांत साडेसहा लाखांहून जास्त माणसं अशी मारली गेली, आणि हा आकडा सोव्हिएत दफ्तरांतलाच आहे. त्याआधी १९३२-३३ चा दुष्काळ, युक्रेनमधला, कझाकस्तानातला, लाखो जीव घेऊन गेलेला. आमच्या मंडळात जे पुस्तक आमच्याकडून घोकून घेतलं ते स्टालिनचं होतं, द्वंद्वात्मक आणि ऐतिहासिक भौतिकवादावरचं, १९३८ सालचंच. प्रश्नाला जागा नसलेलं, ठोकळे रचल्यासारखं. बुखारिनचं काय झालं हे कुणी बोललं नाही. मी हे पस्तिशीत वाचलं आणि मला फसवल्यासारखं वाटलं. मार्क्सला टाकून द्यावं असं तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण कारखान्यातल्या पोराची साक्ष नोंदवणाऱ्या माणसाचं नाव घेऊन साक्ष देणाऱ्यांचं तोंड बंद केलं गेलं, हे ठाऊक नसताना पुढे वाचू नये.

बाकी लेनिन नंतर. गोदूताई परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' मात्र कधीही, अगदी आजसुद्धा. १९४५ च्या वारली लढ्याचं, वेठबिगारीचं ते पुस्तक अभ्यास म्हणून वाचावं लागत नाही. कुंभारीतल्या आमच्या या वसाहतीला त्यांचंच नाव आहे, विडी कामगार बायकांची १०,००० घरं. आईला घर मिळून काही वर्षं झाली तेव्हा मी तिला त्यातली काही पानं वाचून दाखवली. ती म्हणाली, "ही बाई आपल्यात बसून जेवलेली दिसती." आणि बार्शीचे शाहीर अमर शेख वाचण्याआधी ऐकावेत.

पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं तो परत गेला. जाताना मी त्याला दहाव्या आणि एकविसाव्या प्रकरणाच्या झेरॉक्स दिल्या, तारेनं बांधून. गाडीला ज्यांचं नाव आहे त्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांतले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांतच वावरत होते, एवढं फलाटावर सांगून झालं. मग गाडी हलली.

पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. काम संपवून खोलीवर आला होता. इंग्रजी अडत होतं. म्हणाला, "आत्या, दर्जाच्या नावानं कापतात ते वाक्य मराठीत सांग ना." मी फोन स्पीकरवर टाकला, चष्मा लावला आणि एकेक ओळ मराठी करून सांगायला लागले. आई जागीच होती. ते वाक्य झाल्यावर ती उठून बसली.

"बाजूला काढलेल्या विड्या टाकून देत नव्हते ते," ती म्हणाली.

"मग?"

"ठेवून घ्यायचे. पोत्यात. पैसे आम्हाला नाही, पर विड्या तिथंच. नंतर दुसऱ्या बंडलात जायच्या. आम्ही बघायचो की. रोज माझ्या साठ, सत्तर. कधी शंभर."

चाळीस वर्षांत तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मी बोटांवर हिशेब करायला लागले, साठ गुणिले सव्वीस दिवस, गुणिले बारा. तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"आज्जी, थांब," भाचा म्हणाला. "पेन घेतो. परत सांग, पहिल्यापास्नं."